गुंगी व सवय आणणारी औषधे : नियम कशासाठी?

आमच्या औषधालयाच्या खिडकीवर वर्षभरात जे वाद होतात, त्यांतील बहुतेक एकाच कारणावरून होतात. रुग्णाचे नातेवाईक जुनी चिठ्ठी पुढे करतात. औषधनिर्माता ती पाहून परत देतो आणि डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी आणण्यास सांगतो. "गोळी तीच, पेशंट तोच, डॉक्टरही तेच, मग पुन्हा रांगेत कशाला उभे करता?" असा प्रश्न येतो. हा प्रश्न रागाने विचारला जात असला तरी तो न्याय्य आहे. धर्मादाय रुग्णालयात येणारा मनुष्य बहुधा एका दिवसाची मजुरी बुडवून आणि एस.टी.चे भाडे खर्चून आलेला असतो. त्याला "नियम आहे" एवढेच उत्तर देऊन परत पाठविणे आम्हांस योग्य वाटत नाही. नियमामागील कारण समजून घेण्याचा त्याला अधिकार आहे.

म्हणून या अहवालात रुग्णसेवेच्या नेहमीच्या वृत्तान्ताबरोबर या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहोत. आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. सवय लावू शकणाऱ्या औषधांविषयीच्या नियमांना दोन अंगे आहेत. जो अशा औषधाच्या आहारी जाण्याची शक्यता आहे त्याचे रक्षण करणे हे पहिले, आणि जो वेदनेने तळमळत आहे त्याला तेच औषध वेळेवर मिळवून देणे हे दुसरे. यांपैकी एकाच अंगाकडे पाहिले तर नियमच अपाय करतो. आमच्या हातून या दोन्ही बाजूंनी चुका झाल्या आहेत. त्या न लपवता सांगितल्या तरच या लेखाचा काही उपयोग होईल.

ही औषधे कोणती?

सर्वसामान्य वाचकाच्या सोयीसाठी या औषधांचे चार गट करता येतील. पहिला गट झोपेच्या व चिंता कमी करणाऱ्या गोळ्यांचा. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही त्यांतील परिचित नावे. दुसरा गट अफूपासून मिळणाऱ्या किंवा अफूसारखे कार्य करणाऱ्या वेदनाशामकांचा. मॉर्फिन, फेन्टानिल, ट्रामाडॉल, पेन्टाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे या गटात येतात. खोकल्याच्या काही पातळ औषधांतील कोडीनही याच कुळातले. तिसरा गट मेंदूला उत्तेजना देणाऱ्या औषधांचा. बालकांतील अतिचंचलतेवर दिले जाणारे मिथाइलफेनिडेट हे त्याचे उदाहरण. चौथ्या गटात केटामाइनसारखी भुलीची औषधे येतात.

यांतील एकही औषध मुळात वाईट नाही. फिट थांबविण्यासाठी डायझेपामचे इंजेक्शन प्राण वाचविते. शस्त्रक्रियेनंतरची वेदना मॉर्फिनशिवाय आवरणे पुष्कळदा अशक्य असते. अडचण निराळी आहे. यांतील बहुतेक औषधे मेंदूच्या ज्या भागांवर कार्य करतात, तेथे काही दिवसांनी त्यांची सवय होते. सुरुवातीला एका गोळीने येणारी झोप पुढे एका गोळीने येत नाही. मात्रा वाढवावी लागते. नंतर गोळी एकदम बंद केली तर मूळच्या तक्रारीपेक्षा मोठी तक्रार उभी राहते. झोप उडते, हातांना कंप सुटतो, जीव घाबरा होतो आणि काही रुग्णांना फिटसुद्धा येते. त्यामुळे रुग्णाला वाटते की गोळीवाचून आपले चालतच नाही. वास्तविक ही गरज आजाराने निर्माण केलेली नसून गोळीने निर्माण केलेली असते.

हा प्रश्न केवढा मोठा आहे? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १ कोटी १८ लक्ष भारतीय झोपेची व शामक औषधे वैद्यकीय सल्ल्याविना घेतात, असा अंदाज त्यात दिला आहे. यांतील कित्येकांनी पहिली गोळी नशेसाठी नव्हे, तर झोप येत नाही म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून घेतली असावी, असे आमच्या बाह्यरुग्ण विभागातील अनुभवावरून वाटते.

कायद्याची चौकट

आपल्या देशात औषधांच्या विक्रीवर प्रामुख्याने दोन कायद्यांचे नियंत्रण आहे. पहिला १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम आणि त्याखालील १९४५ चे नियम. दुसरा १९८५ चा गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, ज्याला व्यवहारात 'एनडीपीएस कायदा' म्हणतात. शिवाय १९४८ च्या फार्मसी अधिनियमाप्रमाणे चिठ्ठीवरील औषध देण्याचे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच करावयाचे असते. आपल्या राज्यात या विक्रीवर अन्न व औषध प्रशासनाची देखरेख असते.

१९४५ च्या नियमांना अनेक अनुसूची जोडलेल्या आहेत. त्यांतील तीन येथे महत्त्वाच्या आहेत. 'अनुसूची एच'मधील औषधे नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. यात शेकडो औषधे आहेत. परंतु प्रत्यक्षात हा नियम फार सैलपणे पाळला जात होता. म्हणून २०१३ मध्ये 'अनुसूची एच-१' अधिसूचित करण्यात आली आणि १ मार्च २०१४ पासून ती अमलात आली. आरंभी तीत ४६ औषधे होती. काही प्रतिजैविके व क्षयरोगावरील औषधे त्यात आहेत, तशीच अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल, कोडीन ही सवय लावू शकणारी औषधेही आहेत. या औषधांच्या वेष्टनावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. औषध देताना स्वतंत्र नोंदवहीत डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेले परिमाण लिहावे लागते. ही नोंदवही ३ वर्षे जपून ठेवावी लागते व तपासणीच्या वेळी दाखवावी लागते.

'अनुसूची एक्स' याहून कडक आहे. मिथाइलफेनिडेट, काही बार्बिच्युरेट औषधे आणि २०१३ पासून केटामाइन यांचा तीत समावेश आहे. या औषधांच्या विक्रीसाठी वेगळा परवाना लागतो. चिठ्ठी दोन प्रतींत द्यावी लागते आणि तिची एक प्रत विक्रेत्याने २ वर्षे जतन करावयाची असते. साठा कुलूपबंद कपाटात ठेवावा लागतो. २०२० साली दूरवैद्यकीय सल्ल्याविषयी केंद्र शासनाने ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांनीही अनुसूची एक्समधील औषधे प्रत्यक्ष भेटीवाचून लिहून देण्यास मनाई केली. ट्रामाडॉलचा वाढता गैरवापर लक्षात घेऊन एप्रिल २०१८ मध्ये त्याला एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आणण्यात आले.

आता खिडकीवरील वादाकडे येऊ. या तिन्ही अनुसूचींतील औषधांसाठी नियम असा आहे की डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहिले नसेल, तर त्या चिठ्ठीवर एकदाच औषध द्यावयाचे. किती वेळा किंवा किती दिवसांच्या अंतराने द्यावे हे लिहिले असेल, तर त्याहून अधिक वेळा द्यावयाचे नाही. औषध दिल्यावर विक्रेत्याचे नाव, पत्ता व तारीख चिठ्ठीवर डॉक्टरांच्या स्वाक्षरीच्या वर नोंदवावयाची. आमचा औषधनिर्माता चिठ्ठीवर जो शिक्का मारतो, तो याचसाठी. तो शिक्का पाहिल्यावर दुसऱ्या दुकानदारालाही कळते की ही चिठ्ठी वापरून झालेली आहे.

आमची एक चूक

हा नियम आम्हांला नेहमीच ठाऊक होता. पण ठाऊक असणे आणि अंगवळणी पडणे यांत अंतर असते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शेजारच्या गावातील एका वृद्ध बाईंना पती गेल्यानंतर झोप येईनाशी झाली. आमच्या डॉक्टरांनी १५ दिवसांपुरती डायझेपामची गोळी लिहून दिली. ते योग्यच होते. पुढे त्यांची सून दर महिन्याला तीच चिठ्ठी घेऊन येऊ लागली. सून परिचित, कुटुंब सज्जन, गर्दीची वेळ. आमच्या खिडकीवरून गोळ्या मिळत गेल्या. कोणाच्याही मनात वाईट नव्हते. सुनेला सासूबाईंची काळजी होती आणि आमच्या माणसाला त्या दोघींची हेलपाट्यातून सुटका करावयाची होती.

असे जवळजवळ दीड वर्ष चालले. एके दिवशी पहाटे न्हाणीघराकडे जाताना बाई तोल जाऊन पडल्या आणि मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले. शस्त्रक्रियेसाठी आमच्याकडेच दाखल झाल्या. भूल देण्यापूर्वी चालू औषधांची विचारणा करताना ही गोष्ट उघडकीस आली. डायझेपाम वृद्धांच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. रोज घेतल्यास ते साठत जाते. दिवसाही सुस्ती राहते, पाय डगमगतात, विस्मरण होते. घरच्यांना वाटत होते की हे सारे वयोमानाने होत आहे. त्या चिठ्ठीवर आमच्या औषधालयाची एकही नोंद नव्हती. नोंद असती, तर दुसऱ्याच महिन्यात कोणाच्या तरी लक्षात आले असते आणि बाई पुन्हा डॉक्टरांपुढे बसल्या असत्या.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. गोळी एकदम बंद न करता कित्येक आठवडे मात्रा थोडी थोडी उतरवत नेली. बाई काठीच्या आधाराने चालू लागल्या, परंतु पूर्वीसारख्या नाही. आम्ही सुनेची क्षमा मागितली. ती म्हणाली, "तुम्ही दिल्यात म्हणून मी नेल्या. दिल्या नसत्यात तर मी भांडले असते." या एका वाक्यात आमचे सारे उत्तरदायित्व आले. नातेवाइकांनी मागणे स्वाभाविक आहे. नाही म्हणण्याचे आणि का नाही ते समजावून सांगण्याचे काम आमचे आहे.

चिठ्ठीवर काय असावे, खिडकीवर काय पाहतात

त्या प्रसंगानंतर आम्ही आपल्या पद्धतीत काही बदल केले. ते येथे नोंदवितो, कारण कोणत्याही रुग्णालयात किंवा दुकानात गेलात तरी ते उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट चिठ्ठीची. चिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव, पत्ता व नोंदणी क्रमांक, तारीख आणि स्वाक्षरी असावी. रुग्णाचे पूर्ण नाव व पत्ता असावा. वय लिहिण्याचाही आमचा आग्रह असतो. औषधाचे मूळ नाव सुवाच्य अक्षरांत लिहावे, असे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये डॉक्टरांना सांगितले आहे. त्याखेरीज सवय लावणाऱ्या औषधांसाठी आम्ही आणखी एक अट घातली. एकूण गोळ्यांची संख्या अंकांत व अक्षरांत दोन्ही प्रकारे लिहावी. '१०' या अंकापुढे एक शून्य वाढविणे सोपे असते. 'दहा' या शब्दाचे 'शंभर' करणे सोपे नसते. धनादेश लिहिताना आपण जी खबरदारी घेतो तीच ही.

दुसरी गोष्ट मुदतीची. झोपेच्या गोळ्या आमच्याकडे एका वेळी १४ दिवसांहून अधिक दिल्या जात नाहीत. दोन ते चार आठवड्यांच्या पुढे या गोळ्या चालू ठेवावयाच्या असतील, तर डॉक्टरांनी रुग्णाला प्रत्यक्ष पाहून त्याचे कारण कार्डावर लिहावे लागते. कारण लिहिताना पुष्कळदा लक्षात येते की कारण उरलेले नाही.

तिसरी गोष्ट विचारणेची. औषधनिर्माता तीन प्रश्न विचारतो. हे औषध कोणासाठी आहे? याच प्रकारचे आणखी कोणते औषध दुसऱ्या डॉक्टरांकडून चालू आहे का? रुग्ण मद्य घेतो का? हे प्रश्न चौकशीखोरपणाचे वाटतात, विशेषतः तिसरा. परंतु झोपेची गोळी, अफूजन्य वेदनाशामक आणि मद्य यांपैकी कोणतेही दोन एकत्र आले तर श्वासोच्छ्वास मंदावतो आणि झोपेतच मृत्यू येऊ शकतो. म्हणून तो प्रश्न विचारावाच लागतो.

चौथी गोष्ट संशयाची. चिठ्ठीत खाडाखोड दिसली, तर आमचा माणूस खिडकीवर आवाज चढवत नाही. तो रुग्णाला बाकावर बसण्यास सांगतो आणि डॉक्टरांना दूरध्वनी करतो. मागे एक तरुण ट्रामाडॉलच्या गोळ्यांची संख्या बदललेली चिठ्ठी घेऊन आला होता. पाठीच्या दुखण्यावर लिहून दिलेल्या गोळ्यांची त्याला सवय लागली होती. त्याला हाकलून दिले असते तर तो दुसऱ्या दुकानात गेला असता. डॉक्टरांनी त्याला आत बोलावले, त्याच्या आईला बोलावले आणि उपचारास पाठविले. व्यसनमुक्ती हा वैद्यकीय उपचार आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, तेव्हापासून ही जाणीव महाराष्ट्रात हळूहळू रुजली आहे. औषधालयाची खिडकी ही त्या उपचाराची पहिली पायरी ठरू शकते, हे आम्ही त्या तरुणाकडून शिकलो.

कुलपामागची व्यवस्था

औषधांचा गैरवापर केवळ बाहेरचे लोक करतात, असा आमचा भ्रम नाही. भुलीची व तीव्र वेदनाशामक औषधे ज्यांच्या हाताशी रोज असतात, त्या डॉक्टर, परिचारिका व कर्मचारी यांनाही हा धोका असतो. कामाचा ताण, रात्रपाळी आणि औषधाची सहज उपलब्धता हे तिन्ही एकत्र येतात. म्हणून आमची व्यवस्था कोणावरही अविश्वास न दाखवता सर्वांना सारखीच लागू होते.

मॉर्फिन, फेन्टानिल व केटामाइन यांचे कपाट वेगळे असून त्याला दोन कुलपे आहेत. एक किल्ली औषधनिर्मात्याकडे आणि दुसरी पाळीच्या मुख्य परिचारिकेकडे असते. एकट्या माणसाला ते कपाट उघडता येत नाही. प्रत्येक अँप्यूलची नोंद रुग्णाच्या नावासह होते. अर्धी अँप्यूल वापरून अर्धी उरली, तर उरलेले औषध साक्षीदारासमोर टाकून दोघांच्या सह्या घेतल्या जातात. रिकामी अँप्यूल परत दिल्यावाचून नवी मिळत नाही. पाळी बदलताना येणारी व जाणारी परिचारिका मिळून साठा मोजतात. एका अँप्यूलचा हिशेब लागला नाही तर तो लागेपर्यंत कोणीही घरी जात नाही. सुरुवातीला यावर कुरकुर झाली. आता परिचारिकाच सांगतात की या मोजणीमुळे त्यांच्यावर उगाच संशय येत नाही.

दुसरी बाजू : वेदना

येथवर वाचून कोणासही वाटेल की ही औषधे जितकी कमी वापरावीत तितके बरे. नेमका हाच समज आपल्या देशात अनेक वर्षे होता आणि त्याची किंमत वेदनाग्रस्तांनी मोजली.

आपला भारत हा वैद्यकीय उपयोगासाठी कायदेशीर रीतीने अफू पिकविणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक आहे. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांत शासनाच्या परवान्याने अफूची शेती होते आणि नीमच व गाझीपूर येथे शासकीय कारखाने आहेत. मॉर्फिन अफूतूनच मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली, तेव्हापासून मॉर्फिन तीत आहे. १९८६ साली त्याच संघटनेने कर्करोगाच्या वेदनांसाठी पायरी-पायरीने औषध देण्याची पद्धत सांगितली व तीव्र वेदनांसाठी तोंडाने घेण्याचे मॉर्फिन सुचविले. तरीही आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानंतर मॉर्फिनचा वैद्यकीय वापर झपाट्याने घटला. कायद्याने वैद्यकीय वापरास बंदी केली नव्हती. परंतु शिक्षा कडक होत्या, राज्याराज्यांचे नियम वेगळे होते आणि साठा ठेवण्यासाठी निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने लागत. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे. रुग्णालयांनी व दुकानांनी साठा ठेवणेच सोडून दिले. पुढे डॉक्टरांची एक पिढी मॉर्फिन लिहिण्याचा अनुभव न घेताच शिकून बाहेर पडली.

त्या काळातही काही ठिकाणी हे काम निष्ठेने चालू होते. मुंबईत १९८६ साली शांती अवेदना सदन हे देशातील पहिले शुश्रूषागृह सुरू झाले. केरळात कोझिकोड येथे १९९३ पासून डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी परिहारसेवेची चळवळ उभी केली. पुण्यात १९९७ साली कर्करुग्णांसाठी सिप्ला परिहारसेवा केंद्र सुरू झाले. अशा कार्यकर्त्यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर २०१४ मध्ये एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती झाली. २०१५ च्या नियमांनी मॉर्फिन, फेन्टानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन व कोडीन ही सहा औषधे अत्यावश्यक गुंगीकारक औषधे ठरविली. आता राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मान्यता मिळालेल्या वैद्यकीय संस्थेला ही औषधे एकाच मान्यतेखाली ठेवता व देता येतात. मात्र तेथील डॉक्टरांनी वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेले असावे लागते आणि हिशेब काटेकोर ठेवावा लागतो.

याच्या उलट टोकाची चूक अमेरिकेत झाली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तेथे अफूजन्य वेदनाशामके फार सैल हाताने लिहिली गेली. साध्या पाठदुखीवरही महिनोन् महिने गोळ्या दिल्या गेल्या, उत्पादकांनी सवयीचा धोका कमी असल्याचा प्रचार केला आणि लक्षावधी माणसे त्या गोळ्यांच्या आहारी गेली. आपल्याकडे कुलूप फार घट्ट झाले व तिकडे दारच उघडे राहिले. दोन्ही ठिकाणी मधला मार्ग सुटला. योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत, योग्य काळापर्यंत आणि पूर्ण नोंदीसह औषध देणे हाच तो मधला मार्ग.

स्टीलच्या डब्यातील गोळ्या

आमच्या रुग्णालयाला वर सांगितलेली मान्यता मिळाल्यानंतरच्या पहिल्या काही रुग्णांत एक शेतकरी गृहस्थ होते. तंबाखूमुळे गालाचा कर्करोग झालेला, तो मानेपर्यंत पसरलेला. मोठ्या रुग्णालयाने आता घरीच सांभाळा असे सांगितले होते. आमच्या डॉक्टरांनी त्यांना दर चार तासांनी घेण्याची मॉर्फिनची गोळी लिहून दिली. चौथ्या दिवशी परिहारसेवेच्या सिस्टर घरी गेल्या तेव्हा गृहस्थ भिंतीकडे तोंड करून कण्हत पडले होते आणि गोळ्या तशाच होत्या. मुलाने त्या दिल्याच नव्हत्या.

"सिस्टर, औषधाचे नाव मी दुकानदाराला विचारले. तो म्हणाला, ही अफू आहे. बाबांनी आयुष्यभर माळ सांभाळली. शेवटी त्यांना नशेला लावू का?"

सिस्टर त्याच्याजवळ बसल्या. त्यांनी सांगितले, "दादा, नशेसाठी घेणारा माणूस गोळी घेऊन घरादाराकडे पाठ फिरवतो. तुमचे बाबा दुखण्यामुळे पाठ फिरवून पडलेत. गोळी घेतली की ते तुमच्याकडे तोंड करतील."

पुढे त्यांनी सर्व समजावून दिले. शरीराला सवय होणे आणि व्यसन लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तीव्र वेदनेवर मोजून व वेळेवर दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची शक्यता अल्प असते. मळमळ व गुंगी पहिले काही दिवस राहते, नंतर बहुधा कमी होते. बद्धकोष्ठ मात्र राहतो, म्हणून सोबत रेचक घ्यावेच लागते. गोळी दुखणे सुरू झाल्यावर नव्हे, तर घड्याळाप्रमाणे द्यावयाची. फार झोप येऊ लागली किंवा श्वास मंद वाटला तर लगेच दूरध्वनी करावयाचा.

त्या संध्याकाळी मुलाने पहिली गोळी दिली. गृहस्थ पुढे सात आठवडे होते. शेवटच्या दिवसांपर्यंत ते सकाळी ओसरीवर बसत आणि नातवाचा अभ्यास ऐकत. तेराव्यानंतर मुलगा एक छोटा स्टीलचा डबा घेऊन औषधालयात आला. त्यात उरलेल्या गोळ्या होत्या. सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्याने त्या कपाटात वर, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवल्या होत्या. औषधनिर्मात्याने त्या त्याच्यासमोर मोजल्या, नोंदवहीत लिहिल्या आणि सही घेतली. जाताना तो म्हणाला, "पहिले चार दिवस मी त्यांना उगाच रडवले." आम्हांला त्याचा दोष दिसत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी व गोळ्या देणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी त्याच्याशी दहा मिनिटे बोलावयास हवे होते. आता मॉर्फिनची पहिली पट्टी देताना नातेवाइकाला आत बसवून हे सर्व सांगितल्यावाचून ती दिली जात नाही.

नातेवाइकांस विनंती

या अनुभवांतून काही सूचना निघतात. त्या घरी सर्वांना वाचून दाखवाव्यात, ही विनंती.

१. झोपेची वा वेदनेची गोळी शेजाऱ्याला, पाहुण्याला किंवा दुसऱ्या नातेवाइकाला देऊ नये. तुम्हांला मानवलेली मात्रा दुसऱ्याला घातक ठरू शकते.

२. अशी गोळी बरेच दिवस चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. डॉक्टरांना सांगावे. मात्रा हळूहळू उतरविता येते.

३. दोन डॉक्टरांकडे उपचार चालू असतील तर दोघांच्या चिठ्ठ्या दोघांनाही दाखवाव्यात.

४. कोडीन असलेले खोकल्याचे औषध लहान मुलांना घरच्या घरी देऊ नये.

५. अशी औषधे कुलपात ठेवावीत. घरातील तरुण मुलांचे व वृद्धांचे भान ठेवावे.

६. रुग्ण बरा झाल्यावर किंवा निवर्तल्यावर उरलेली औषधे आमच्या औषधालयात आणून द्यावीत. कोणीही प्रश्न विचारणार नाही. नोंद होऊन ती नष्ट केली जातील.

७. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांनी मॉर्फिन सुचविले, तर मनातील भीती त्यांच्यापुढे बोलून दाखवावी. पण रुग्णाला वेदनेत ठेवू नये.

८. नवी चिठ्ठी मागितली म्हणून आमच्या औषधनिर्मात्यावर रागावू नये. तो आपल्या माणसाची काळजी घेत आहे.

देणगीदारांस व विश्वस्तांस निवेदन

इमारतीचा मजला, रुग्णवाहिका, क्ष-किरण यंत्र यांसाठी दिलेली देणगी डोळ्यांना दिसते. त्यावर नावाची पाटी लावता येते. दोन कुलपांच्या कपाटाला, नोंदवहीला किंवा नातेवाइकाशी बोलण्यात गेलेल्या दहा मिनिटांना पाटी लावता येत नाही. परंतु रात्रपाळीसह प्रत्येक पाळीला एक नोंदणीकृत औषधनिर्माता ठेवण्याचा खर्च, परिचारिकांच्या वेदनाशमन प्रशिक्षणाचा खर्च आणि घरोघरी जाणाऱ्या परिहारसेवेच्या पथकाचा खर्च आपल्याच देणग्यांतून भागतो. नव्या चिठ्ठीसाठी येणाऱ्या जुन्या रुग्णांकडून तपासणी शुल्क न घेण्याचा निर्णय विश्वस्त मंडळाने केला, त्यामागेही आपलाच आधार आहे. नियम पाळण्याचा भार गरिबाच्या खिशावर पडू नये, एवढीच त्यामागील भूमिका होती.

वर उल्लेखिलेल्या आजी तपासणीसाठी आल्या की औषधालयाच्या खिडकीशी थोड्या थांबतात. आता त्यांना झोपेची गोळी लागत नाही. रक्तदाबाची गोळी घेताना त्या चिठ्ठी स्वतःहून पुढे करतात आणि म्हणतात, "शिक्का मार रे बाबा." औषधनिर्माता शिक्का मारतो. आपल्या सहकार्याने हे काम असेच निष्ठेने चालू राहील, अशी ग्वाही देऊन आम्ही हे निवेदन पूर्ण करतो.